पडद्यावरची जाड रेघ

मित्रांनो, मी या तलावातली एक जुनी मरळ आहे. माझा जबडा डावीकडे वाकडा आहे, खालचा ओठ दोन ठिकाणी फाटून पुन्हा जुळलेला आहे आणि शेपटीजवळ एक पांढरा डाग आहे. गळ टाकायला येणारे लोक मला 'म्हातारी' म्हणतात. म्हणू देत. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, मला कोणाची कीव नको. माझी कहाणी ऐकून डोळ्यांत पाणी आलं तर ते ज्याचं त्याने पुसावं. मला पाण्याची काही कमी नाही.

माझा जन्म या तलावाच्या उथळ कोपऱ्यात, लव्हाळ्यांच्या आडोशाला झाला. माझ्या आईवडिलांनी तिथलं शेवाळ बाजूला सारून पाण्यात एक गोल मोकळी जागा केली होती. तिथेच आम्ही अंड्यांच्या रूपात तरंगत होतो. अंड्यांतून बाहेर आलो तेव्हा आम्ही सुतळीच्या तुकड्यांएवढे होतो, नारिंगी रंगाचे, आणि भावंडं तर इतकी की आईला आमची नावं ठेवायची म्हटली असती तर तिचं आयुष्य त्यातच गेलं असतं. आम्ही सगळे एकमेकांना चिकटून घोळक्याने फिरायचो. आमच्या खाली थोड्या अंतरावर आई असायची आणि आजूबाजूला वडील गस्त घालायचे.

माशांना माया नसते असं बरेच जण समजतात. त्यांनी माझ्या आईला पाहायला हवं होतं. आमच्यावर टपलेलं चिलापी माशांचं टोळकं जवळ आलं की ती अशी धावून जायची की तळाचा गाळ उसळून पाणी गढूळ व्हायचं. पाणकावळा बुडी मारून आला तर त्यालाही ती सोडायची नाही. त्या दिवसांत ती शिकार करत नसे. खाण्यापिण्याचं तिला भान नव्हतं, फक्त राखण करायची. आम्ही जरा मोठे झालो, रंग बदलला, अंगात जोर आला, तेव्हा कुठे ती दुसरीकडे गेली.

आमच्या जातीची एक अडचण आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. इतर मासे पाण्यातच श्वास घेतात. आम्हा मरळींचं तेवढ्याने भागत नाही. आम्हाला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. घोट घेतला की पाण्यावर एक बुडबुडा फुटतो, गोल तरंग उठतो. जो कोणी काठावर टक लावून बसला असेल त्याला कळतं की इथे मरळ आहे. आमचा श्वासच आमची चहाडी करतो, आणि त्याला इलाज नाही.

तरीही माझ्या तरुणपणी सामना बरोबरीचा होता. गळ टाकणारे लोक आले की मला आनंद व्हायचा असं मी खोटं सांगणार नाही, कारण गळ तो गळच. पण त्या लोकांना आमच्यासारखंच अंदाजावर चालावं लागायचं. ते पाणी बघायचे, वारा बघायचे, ढग बघायचे. बुडबुडा दिसला की घाईघाईने गळ फेकायचे, तोवर मी भलतीकडेच गेलेली असायची. बरेच जण हात हलवत घरी जायचे आणि जाता जाता पाणी गार होतं, पाणी गरम होतं, वारा उलटा होता, असं काहीबाही सांगायचे.

हे सगळं मला कसं कळायचं? तर धक्क्याखालून. तलावाच्या एका टोकाला बोटी भाड्याने देणाऱ्या मावशींचा धक्का आहे. निळी पिंपं दोरांनी बांधून त्यांच्यावर फळ्या ठोकल्यात. फळ्यांवर एक पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये एक बाक आणि गळ टाकणाऱ्यांच्या क्लबचा वजनकाटा. मावशींचा आवाज असा आहे की पाण्याखालीही कान द्यावा लागत नाही. "लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी दोरी सोडायची नाही. मग तुम्ही कोण का असेनात!" हे वाक्य मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल.

त्या बरोबरीच्या सामन्यातही मी एकदा हरले. तरुण होते, मस्ती होती. पाण्यावरून एक बेडूक तुडतुडत चालला होता, त्याच्यावर मी झेप घेतली, आणि तो निघाला रबराचा. मला ओढून बोटीत घेतलं. मग धक्क्यावर आणलं, ओल्या कापडाच्या झोळीत घालून काट्याला लटकवलं, माझा फोटो काढला, टाळ्या वाजवल्या आणि धक्क्यावरूनच पाण्यात सोडून दिलं. त्या क्लबचा नियमच तसा आहे. 'जिवंत आणा, जिवंत सोडा' अशी पाटी शेडला लावली आहे. त्या वर्षी माझा फोटो क्लबच्या फलकावर लागला. लोक लांबून बघायला यायचे आणि "काय मासा आहे!" म्हणायचे. खरं सांगते, कौतुक ऐकून मला बरं वाटलं. ओठ मात्र सहा महिने दुखत होता.

त्यानंतर माझा संसार सुरू झाला. आमचे हे माझ्यापेक्षा थोडे लहान, पण स्वभावाने धीट. समोर काहीही हललं की आधी तोंड उघडायचं आणि मग विचार करायचा, अशी त्यांची रीत. तलावाच्या मध्यावर पाण्यात बुडालेलं एक मोठं झाड आहे. त्याच्या फांद्यांमध्ये आमचं घर होतं, आणि आमच्यासारखी बरीच थोराड मंडळी तिथे राहायची. दर वर्षी लव्हाळ्याच्या कोपऱ्यात आम्ही पिल्लं वाढवायचो. चांगलं चाललं होतं आमचं.

मग सोनार आला. नाव ऐकून मावशींनाही आधी दागिने घडवणाराच कोणी आला असं वाटलं होतं. पण ते एक यंत्र होतं. क्लबच्या सेक्रेटरींनी ते पहिल्यांदा आणलं. बोटीच्या पुढच्या टोकाला एक दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला साबणदाणीएवढा काळा डबा, आणि वर बोटीत एक पडदा. डबा पाण्यात सोडायचा आणि दांडा फिरवायचा, की समोरच्या पाण्यात जे जे आहे ते पडद्यावर दिसतं. तेही मघाचं नाही, या घटकेचं. मासा वळला की पडद्यावर वळतो, वर आला की वर येतो. बारीक ठिपका म्हणजे लहान मासा. जाड रेघ म्हणजे मोठा मासा. ती जाड रेघ म्हणजे मी.

मित्रांनो, यामुळे काय बदललं ते नीट समजून घ्या. पूर्वी माणसं पाण्यात गळ टाकायची. आता ती माशावर गळ टाकू लागली. मी झाडाच्या कोणत्या फांदीखाली आहे, माझं तोंड कोणीकडे आहे, मी श्वास घ्यायला कधी निघाले, हे सगळं त्यांना दिसू लागलं. मी अर्ध्या पाण्यात असतानाच ते नेमकं माझ्या पुढे आमिष टाकायचे. मी वर पोहोचायची तेव्हा रबरी बेडूक तिथे आधीच हजर असायचा. घोटभर हवेसाठी वर यावं, तर तिथे दारातच कोणीतरी दबा धरून बसलेलं. पाण्याकडे तर कोणी बघेनासंच झालं. सगळ्यांच्या माना पडद्यावर.

सेक्रेटरींनी आणलं म्हणून मग सगळ्यांनी आणलं. एकाच झाडावर सकाळपासून चार चार बोटी. एक गेली की दुसरी. लोक म्हणायचे, आम्ही मारत थोडेच, सोडूनच तर देतो. बरोबर आहे. पण तलावात मोठे मासे असतात मोजके. तेच ते पुन्हा पुन्हा पकडले जातात, पुन्हा पुन्हा सोडले जातात. सोडणारा प्रत्येक माणूस एकदाच सोडतो, त्यामुळे त्याचं मन स्वच्छ असतं.

आमचे हे धीट होते ना, त्यांनाच सगळ्यांनी जास्त पकडलं. त्यांचा जबडा इतका फाटला की शेवटी शेवटी त्यांना बेडूक धरता येईना. मी त्यांच्या पुढ्यात जखमी मासे ढकलायची, तेही त्यांच्या तोंडातून निसटायचे. अंग वाळत गेलं. एका उन्हाळ्यात मी श्वासाला वर गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि हे काही वर येईनात. मी झाडाभोवती फिरत राहिले. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की या लोकांना माझा एक श्वाससुद्धा दिसू द्यायचा नाही.

मग मी शिकू लागले. त्या काळ्या डब्याचा आवाज मला ऐकू येत नाही, हे मी कबूल करते. पण त्याचा दांडा फिरवला की कुरकुरतो. बोट एका जागी धरून ठेवायला पुढे एक लहान विजेची मोटर असते, ती गुणगुणते. माणूस पाय बदलतो तेव्हा बोटीचा तळ धपकन वाजतो. हे सगळं मला माझ्या अंगावर कळतं. कुरकुर आपल्याकडे वळली की समजायचं, आपण पडद्यावर आलो. मी झाड सोडलं. माझ्या मागोमाग बाकीचे मोठे मासेही झाड सोडून गेले. कोणी गाळात बसून राहायला लागले, कोणी काठच्या दाट गवतात. मी तर सरळ धक्क्याखाली राहायला आले. सगळ्या बोटी तिथूनच सुसाट सुटायच्या, तलावाच्या दुसऱ्या टोकाला मला शोधायला. मी पिंपांच्या मधल्या फटीत आरामात श्वास घ्यायची आणि त्यांच्या पाठी बघायची.

त्यातच मला यंत्राची मेख सापडली. त्या डब्याला पुढचं दिसतं, मागचं दिसत नाही. मग मी काय केलं असेल? उघड्या पाण्यात बोटीने गाठलं तर मी पळायची नाही. खोल बुडी मारून बोटीच्या खालून जायची आणि तिच्या शेपटाशी, इंजिनाच्या बाजूला, निवांत वर यायची. पुढे माणूस पडद्यात डोळे घालून मला शोधतोय आणि मागे मी हवा खातेय. सेक्रेटरी धक्क्यावर येऊन सांगायचे, "तलावातले मासे संपले. नवीन सोडायला पाहिजेत." मी त्यांच्या पायाखाली असायची.

अशीच एकदा मी एका बोटीच्या मागे वर आले. ती बोट दातांच्या डॉक्टरांची होती. डॉक्टर निवृत्त झालेले, आणि मधे त्यांचं हृदयाचं दुखणं झाल्यापासून त्यांच्या पत्नी त्यांना एकटं सोडत नसत. बाईंना पोहता येत नाही, माशांत रस नाही, पण दर वेळी टोपी घालून, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून त्या मागच्या फळीवर बसायच्या. डॉक्टर पुढे पडद्याशी.

"इथेच होती गं. आत्ता दिसत होती. गेली कुठे?"

मी बाईंच्या कोपराजवळ तोंड बाहेर काढलं आणि हवेचा घोट घेतला. त्या संत्रं सोलत होत्या. त्यांचा हात तसाच राहिला. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"अहो," बाई म्हणाल्या.

"एक मिनिट थांब."

"अहो, ऐका तरी..."

"तू बोललीस की मासे पळतात!"

"बरं बाई, नाही बोलत," असं म्हणून त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघत चावत राहिल्या. मी माझ्या वाटेने गेले. तेवढ्यावरून मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. बोट ती बोटच.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते. स्वतःला लपवणं मला जमलं होतं. पण पिल्लं झाली की मला लपता येत नाही. धक्क्याखाली पिल्लं वाढत नाहीत, त्यांना लव्हाळ्याचा उथळ कोपराच लागतो. ती सगळी एकदम श्वासाला वर येतात तेव्हा पाणी दूध उकळायला लागल्यासारखं थरथरतं. आणि मला त्यांच्याखाली थांबावं लागतं. मला दुसरा जोडीदार मिळाला होता, पण पहिल्याच बोटीचं इंजिन ऐकून तो जो पळाला तो पिल्लांचे दिवस संपेपर्यंत फिरकलाच नाही. असो. गेल्या वर्षी मी एकटीच राखण करत होते.

तो क्लबच्या स्पर्धेचा दिवस होता. डॉक्टरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, उन्हात त्यांना पडदा नीट दिसेना. म्हणून बाई पुढे बसल्या होत्या आणि दिशा सांगत होत्या.

"डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे नाही, बोटीच्या! हां. इथे बारीक ठिपक्यांचा ढग आहे बघा. आणि त्याच्याखाली एक जाड रेघ. ती ढगाला सोडतच नाहीये."

डॉक्टर आनंदाने उठायलाच लागले. "शिकार करतेय ती! अगदी यंत्राच्या पुस्तकातलं चित्र. बारके मासे वर, मोठा खाली. भुकेली आहे, पटकन घेईल."

भुकेली! मी माझ्याच पिल्लांवर टपलेय असं त्यांनी ठरवून टाकलं. पडद्यावर त्यांना ठिपके दिसले, रेघ दिसली. त्या दोघांमधलं नातं पडद्यावर दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नसतंच, असा त्या लोकांचा हिशेब झालाय.

आमिष बरोबर माझ्या पिल्लांच्या मधोमध पडलं. रबराचा वास मला लांबून ओळखू येतो. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, त्यात लोखंड आहे हेही ठाऊक होतं. पण ते माझ्या पिल्लांत घुसलं होतं. मी ते तोंडात धरलं ते खायला नाही, बाहेर फेकून द्यायला. कोणत्याही आईने तेच केलं असतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

मला ओढून वर घेतलं. डॉक्टरांनी माझी काळजी घेतली हे मी नाकारत नाही. अंगाला कोरडा हात लावला नाही, गळ हलक्या हाताने काढला, बोटीतल्या पाण्याच्या टाकीत मला ठेवलं. माणूस वाईट नाही. आणि मला जास्त चीड त्याचीच येते, कारण वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

टाकीत असताना मला बाईंचा आवाज ऐकू आला. पडदा अजून चालूच होता.

"अहो, त्या ढगात दुसरे ठिपके घुसतायत. जरा मोठे आहेत. आणि ढग लहान होत चाललाय."

"म्हणजे इथे अजून मासे आहेत! जागेची खूण करून ठेव."

"अहो, तसं नाही वाटत मला. ते त्यांना खातायत."

मी शेपटीने टाकीच्या भिंतीवर तडाखे देत राहिले. डॉक्टर म्हणाले, "काय ताकद आहे बघ!" आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

धक्का तलावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे रांग होती. माझ्या आधीचे मासे तोलले, त्यांचे फोटो निघाले. मग मला झोळीत घालून काट्याला टांगलं. वजन वाचलं तशा टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी मला दोन्ही हातांवर घेऊन फोटो काढून घेतला आणि मला अलगद पाण्यात सोडलं. तिकडे माझ्या पिल्लांचं काय चाललं असेल ते मला दिसत होतं, त्याला पडदा लागत नाही.

मी संपूर्ण तलाव ओलांडला. वाटेत बोटी होत्या. लपत, बुड्या मारत जायला वेळ नव्हता, म्हणून मी सरळ त्यांच्या नाकासमोरून गेले. कोपऱ्यात पोहोचले तेव्हा चिलापींची पोटं फुगलेली होती. मी त्यांच्यावर तुटून पडले, सगळ्यांना पळवून लावलं. लव्हाळ्याच्या मुळांत मूठभर पिल्लं चिकटून बसली होती. बाकी पाणी मोकळं होतं. मला दुःख झालं. पण दुःखापेक्षा राग जास्त आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

काही दिवसांनी धक्क्यावर क्लबची सभा भरली. मी नेहमीच्या जागी, पिंपांखाली. सेक्रेटरींनी स्पर्धा यशस्वी झाली, एकही मासा मेला नाही, असं सांगून सगळ्यांचं अभिनंदन केलं. तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी उठल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखते.

"मला एक बोलायचंय. ती शिकार करत नव्हती. तिची पिल्लं होती ती. आम्ही तिला उचललं आणि तिच्या मागे दुसऱ्या माशांनी पिल्लं खाल्ली. मी पडद्यावर बघितलंय, माझ्या डोळ्यांनी."

"पण वहिनी, आपण मासा सोडलाच ना?" सेक्रेटरी म्हणाले.

"सोडला की! कुठे सोडला? माझी पोरं लहान असताना मला कोणी घरातून उचलून गावाबाहेर नेऊन सोडलं असतं आणि वर टाळ्या वाजवल्या असत्या, तर मी काय आभार मानले असते?"

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, माशांचं वेगळं असतं."

"का, तुम्ही विचारून आलात?" हा आवाज मावशींचा.

पुन्हा हशा पिकला. मग डॉक्टर बोलले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "मला ती शिकारच वाटली हो. पुस्तकात तसंच दिलंय." त्यांनी सुचवलं की वजन जागच्या जागी करावं, मासा धक्क्यावर आणूच नये, आणि पिल्लांचे दिवस असतील तेव्हा लव्हाळ्याच्या कोपऱ्यात सोनार लावूच नये. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. वजन खरं की खोटं हे कोण बघणार, फोटो कुठे काढणार, टाळ्या कोण वाजवणार? शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. पुढच्या सभेत घेऊ." चहा आला आणि सभा संपली.

मित्रांनो, माणसांची पुढची सभा कधी असते ते मला माहीत नाही. पण पिल्लं सभेसाठी थांबत नाहीत. या वर्षी मला पुन्हा पिल्लं झाली, आणि त्याच दिवसांत पुन्हा स्पर्धा आली.

सकाळी सगळ्यात आधी डॉक्टरांची बोट लव्हाळ्याकडे आली. मोटर गुणगुणली, दांडा कुरकुरला, मी अंग ताठ केलं. पण गळ पडला नाही. बोट कोपऱ्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली आणि तिथेच थांबली. थोड्या वेळाने सेक्रेटरींची बोट आली.

"डॉक्टर, टाकत नसाल तर बाजूला व्हा. माझ्या पडद्यावर इथे मोठा मासा दिसतोय."

"आम्ही इथे डबा खायला थांबलोय," बाई म्हणाल्या.

"वहिनी, स्पर्धा चालू आहे!"

"मग खेळा की. एवढा मोठा तलाव पडलाय."

सेक्रेटरी ऐकणारे नव्हते. ते लव्हाळ्याला वळसा घालून बाजूने आत आले. काळा डबा पाण्यात उतरला, कुरकुरत फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला. आमिष पडलं, पिल्लं विखुरली. गेल्या वर्षी मी आमिषावर गेले होते. या वेळी मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्याने माझं घर दाखवलं, त्या डब्यावरच मी गेले. होता नव्हता तो जोर लावून मी त्याला धडक दिली. दांडा वाकला, डबा उलटा झाला आणि वर सेक्रेटरी ओरडले, "अरे, खडक! इथे खडक आहे!"

"खडक नाही, सेक्रेटरी," डॉक्टर म्हणाले. "आई आहे ती."

मी वळले आणि डॉक्टरांच्या बोटीकडे गेले. ते माझ्या बाजूने उभे आहेत हे मला कळत होतं. तरी त्यांचाही डबा माझ्या पिल्लांकडेच तोंड करून लटकत होता. त्यालाही मी तशीच धडक दिली. बोट हलली. बाई घाबरून फळीला घट्ट धरून बसल्या आणि मग मोठमोठ्याने हसायला लागल्या.

"अहो, तिला आपणसुद्धा नको आहोत!"

"मग आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? यंत्र वर घ्या आणि चला. बरोबर आहे तिचं."

डॉक्टरांनी डबा वर घेतला. त्यांची बोट हळूहळू मागे सरली. दांडा वाकल्याने सेक्रेटरींचा पडदा पांढराफटक पडला होता. ते थोडा वेळ पुटपुटत बसले आणि मग तेही निघाले. मी पिल्लांना पुन्हा गोळा केलं. माझा जबडा आणखी वाकडा झालाय आणि तोंड मिटताना अजून कळ येते. पिल्लं मात्र मोठी झाली, त्यांचा रंग बदलला, आणि ती आपापल्या वाटेने तलावात गेली.

मित्रांनो, तुम्हीही कधी गळ टाकायला जाल. तुमच्याकडे माझ्या वेळच्यापेक्षाही हुशार यंत्रं असतील. जा, खुशाल जा. बरोबरीने खेळणार असाल तर मी तयार आहे, कोण हरतंय ते बघू. पण पिल्लांच्या दिवसांत पडद्यावर ठिपक्यांचा ढग दिसला आणि त्याच्याखाली एक जाड रेघ जागची हलत नसेल, तर पुस्तक उघडत बसू नका. मला पकडून, कुरवाळून, फोटो काढून, दुसरीकडे नेऊन सोडण्याचे उपकारही करू नका. मी विनवणी करत नाही, सांगते आहे. त्या जागेवरून मी हलणार नाही. बोट तुम्ही हलवा.